पान हललं आणि फोन वाजला

५ ऑक्टोबर १९६० रोजी ग्रीनलंडमधल्या थुले इथल्या अमेरिकी तळावर एक नवं रडार नुकतंच कामाला लागलं होतं. सोव्हिएत संघाने क्षेपणास्त्रं डागली तर त्याची आगाऊ सूचना देणं हे त्याचं काम. त्या दिवशी त्याने सूचना दिलीही. क्षेपणास्त्रं निघाली आहेत आणि ती निघाल्याची जवळजवळ खात्रीच आहे, असा इशारा अमेरिकेतल्या मुख्यालयात जाऊन पोहोचला. सोव्हिएत नेते निकिता ख्रुश्चेव त्या दिवसांत संयुक्त राष्ट्रांच्या बैठकीसाठी न्यूयॉर्कमध्येच होते. आपला नेता तिथे असताना कोण हल्ला करील, अशी शंका अधिकाऱ्यांना आली, आणि ती रास्त होती. नॉर्वेच्या बाजूला क्षितिजावर फक्त चंद्र उगवत होता. पाचेक हजार किलोमीटरपर्यंत पाहण्यासाठी बांधलेल्या रडारच्या लहरी सुमारे पावणेचार लाख किलोमीटरवरच्या चंद्रावर आपटून परत आल्या होत्या.

रडारमध्ये बिघाड नव्हता. क्षितिजावर काहीतरी प्रचंड मोठं वर येतंय हे त्याला दिसलं आणि ते त्याने इमानाने कळवलं. चंद्र उगवतो, हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं.

घराच्या दारावर लावलेला कॅमेरा रात्री दोन वाजता ‘हालचाल आढळली’ असा संदेश पाठवतो, तेव्हा बहुतेक वेळा हेच घडत असतं. मालक चडफडतो, कॅमेरा वाईट निघाला म्हणतो, ॲपमध्ये जाऊन सेन्सिटिव्हिटी निम्म्यावर आणतो. आठवडाभर बरं चालतं. मग वारा सुटला की पुन्हा तेच, आणि एक दिवस नोटिफिकेशनच बंद होतं. त्यानंतर तो कॅमेरा पहारा करत नाही, चोरी झाल्यावर पाहायचं चित्रीकरण तेवढं जमा करत राहतो. खोट्या सूचनेचा खरा तोटा झोपमोडीचा नाही. खरी सूचना येते त्या रात्री फोन मुका असतो, हा आहे.

हा अनुभव घरापुरता नाही. अमेरिकेत घरफोडीचे अलार्म वाजल्यावर पोलिसांना येणाऱ्या कॉलपैकी ९४ ते ९८ टक्के खोटे असतात, असं तिथल्या न्याय खात्याने पोलिसांसाठी काढलेल्या मार्गदर्शिकेत नमूद आहे. सॉल्ट लेक सिटीने २००० सालच्या अखेरीस नियमच बदलला. नुसता अलार्म वाजला म्हणून पोलीस धावणार नाहीत, कुणीतरी प्रत्यक्ष पाहून खात्री करावी, मग कळवावं. असे कॉल सुमारे ९० टक्क्यांनी घटले. दवाखान्यांमध्ये तर याच प्रकाराने जीव गेले आहेत. खाटेशेजारच्या यंत्रांचे बहुतांश इशारे दखल घेण्याजोगे नसतात, परिचारिकांचे कान त्यांना सरावतात. अमेरिकेतल्या रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने २०१३ मध्ये यावर खास इशारापत्रक काढलं. जानेवारी २००९ ते जून २०१२ या काळात अलार्मशी निगडित ९८ दुर्घटना त्यांच्याकडे नोंदल्या गेल्या होत्या, त्यांतल्या ८० रुग्णांचा मृत्यू झाला होता.

घरासाठीच्या पहिल्या कॅमेरा-यंत्रणेत हा प्रश्न उद्भवतच नव्हता. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहणाऱ्या मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन या परिचारिकेने पती अल्बर्ट यांच्यासह १९६६ मध्ये तिच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९६९ मध्ये ते मिळालं. दारात वेगवेगळ्या उंचीवर भोकं, त्यांमागे वरखाली सरकणारा कॅमेरा, आत पडदा, आणि मदत मागवण्यासाठी बटण. बाहेर कोण आहे ते बाई स्वतः पाहणार आणि बटण दाबायचं की नाही ते स्वतः ठरवणार. आजच्या कॅमेऱ्यात तो निर्णय यंत्राकडे गेला आहे. म्हणून यंत्र कशाला ‘हालचाल’ म्हणतं, ते आधी कळायला हवं.

साध्या कॅमेऱ्याला माणूस, मांजर, झाड यांतलं काहीच कळत नाही. त्याच्यापुढे ठिपक्यांची चौकट असते, प्रत्येक ठिपक्याला उजळपणाचा एक आकडा. आत्ताच्या चौकटीतले आकडे आणि क्षणापूर्वीचे आकडे यांची तो वजाबाकी करतो. पुरेशा ठिपक्यांमध्ये पुरेसा फरक पडला की हालचाल झाली. ढगाची सावली अंगणावरून सरकली, वळणावरच्या मोटारीचा दिवा भिंतीवरून फिरला, वाळत घातलेलं लुगडं फडफडलं, की हजारो ठिपके एकदम बदलतात. दूर फाटकाशी वाकून आत शिरणाऱ्या माणसामुळे मात्र थोडेच बदलतात. सेन्सिटिव्हिटी कमी केली की आधी कोण गळतो, हे यावरून उघड आहे. सावली राहते, चोर गळतो. सगळ्या घरांत हाच उपाय पहिला केला जातो आणि तोच सर्वांत घातक आहे.

यावरचा एक चांगला तोडगा एमआयटीतल्या ख्रिस स्टॉफर आणि एरिक ग्रिमसन यांनी १९९९ मध्ये मांडला. प्रत्येक ठिपक्याचा एकच ‘नेहमीचा’ रंग धरायचा नाही. हलत्या फांदीखालचा ठिपका कधी हिरवा असतो, कधी आकाशाचा असतो, दोन्ही त्याला नेहमीचेच. यंत्राने असे दोन-चार नेहमीचे रंग शिकून घ्यायचे आणि त्यांपलीकडचं काही आलं तरच दखल घ्यायची. त्यानंतरच्या कितीतरी पद्धती याच विचारावर उभ्या राहिल्या. फांदीची कटकट त्यामुळे पुष्कळ कमी झाली. रात्रीची झाली नाही.

रात्रीचं दुखणं वेगळंच आहे. तिन्हीसांजेला कॅमेऱ्याजवळ उभं राहिलं तर आतून ‘टक्’ असा बारीक आवाज येतो. दिवसा अवरक्त प्रकाश अडवणारी काच लेन्समागून बाजूला सरकल्याचा तो आवाज. त्याच वेळी लेन्सभोवतीचे अवरक्त दिवे लागतात आणि चित्र काळंपांढरं होतं. हा बदलच एवढा मोठा असतो, की काही कॅमेरे त्यालाच हालचाल समजून रोज संध्याकाळी ठरल्या वेळी सूचना पाठवतात. अंधार दाटला की चित्रात बारीक कण लुकलुकू लागतात. कमी प्रकाशात चित्र ओढूनताणून उजळ केलं की ते येणारच. ढोबळ वजाबाकी करणाऱ्या यंत्राला तीही हालचालच.

आणि मग किडे. दिवा लेन्सच्या शेजारीच असल्यामुळे जवळच्या वस्तूवर पडणारा प्रकाश आणि दूरच्या वस्तूवर पडणारा प्रकाश यांत विलक्षण तफावत पडते. अंतर दुप्पट झालं की प्रकाश चौपटीने घटतो. लेन्सपासून दहा सेंटिमीटरवरून उडणाऱ्या पाखरावर, दहा मीटरवरच्या माणसाच्या तुलनेत, दहा हजार पट प्रकाश पडतो. नखाएवढं पाखरू म्हणूनच पडद्यावर पांढऱ्याशुभ्र लोळासारखं दिसतं. पहिल्या पावसानंतर वाळवीची पंखवाली पाखरं उठतात त्या संध्याकाळी तर चित्रात दुसरं काही दिसतच नाही. पावसाचे थेंब, छपराच्या पागोळ्या, धुकं, सगळ्यांचं हेच.

कोळ्याचं जाळं हा त्यातला सर्वांत चिवट प्रकार. कॅमेऱ्याचा कोन आणि भिंत यांमधली जागा कोळ्याला आयती मिळते. एक धागा लेन्ससमोर तिरका आला, की दिवसा तो डोळ्यांना दिसतही नाही. रात्री अवरक्त प्रकाशात तोच दोरखंडासारखा जाड, चकचकीत होतो आणि वाऱ्याच्या प्रत्येक झुळकेला आख्ख्या चित्रभर हेलकावे खातो. या एका धाग्यापायी रात्रभर फोन वाजत राहू शकतो. ॲपमधल्या कुठल्याही बटणाने तो जात नाही. झाडूने जातो. दर आठ-पंधरा दिवसांनी कॅमेऱ्याभोवतीची कोळिष्टकं काढावीत आणि काच मऊ कोरड्या फडक्याने पुसावी. याहून पक्का उपाय हवा असेल तर कॅमेऱ्यातले अवरक्त दिवे बंद करून वेगळा अवरक्त दिवा दोन-तीन मीटर बाजूला लावावा. उजेड अंगणात पडतो, लेन्सच्या तोंडाशी नाही. ओट्यावर रात्रभर पिवळा मंद बल्ब चालणार असेल तर अवरक्ताची गरजच उरत नाही. पिवळ्या उजेडाकडे पाखरंही पांढऱ्यापेक्षा कमी येतात.

बॅटरीवर चालणारे कॅमेरे याहून निराळ्या रीतीने जागे होतात. सतत चित्र पाहत बसणं बॅटरीला परवडत नाही, म्हणून त्यांच्या अंगावर दुधी प्लॅस्टिकचा छोटा फुगवटा असतो आणि त्यामागे उष्णता ओळखणारा पीआयआर सेन्सर. माणसाच्या त्वचेतून सतत अवरक्त किरण बाहेर पडतात. त्यांचा जोर साधारण साडेनऊ मायक्रॉन लांबीच्या लहरींवर असतो, नाइट व्हिजनच्या दिव्यांच्या लहरींपेक्षा दसपटीने लांब. हे किरण पडले की सेन्सरमधला स्फटिक किंचित तापतो आणि त्यावर विद्युतभार तयार होतो. स्फटिकाचे दोन भाग उलटसुलट जोडलेले असतात. दोघे सारखेच तापले तर बेरीज शून्य, एक आधी आणि दुसरा नंतर तापला तर इशारा. समोरचा दुधी फुगवटा म्हणजे बारीक खाचांची लेन्स. ऑग्युस्तँ फ्रेनेलने १८२० च्या दशकात फ्रान्समधल्या दीपगृहांसाठी शोधलेल्या लेन्सचाच हा छोटा अवतार. समोरच्या जागेचे तो पंख्यासारखे पट्टे पाडतो. माणूस एका पट्ट्यातून दुसऱ्यात गेला की स्फटिकाचे दोन भाग आळीपाळीने तापतात.

यातून दोन गोष्टी निघतात आणि दोन्ही फार उपयोगाच्या आहेत. आडवा चालणारा माणूस सेन्सरला चटकन कळतो, कारण तो पट्टे ओलांडतो. सरळ कॅमेऱ्याच्या दिशेने येणारा उशिरा कळतो. म्हणजे फाटकाकडे नाक करून कॅमेरा लावण्यापेक्षा वाट बाजूने कापली जाईल असा लावणं बरं. दुसरं, पीआयआरला तापमान दिसत नाही, तापमानातला फरक दिसतो. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात दुपारी तापलेली भिंत संध्याकाळनंतर निवू लागते आणि एका टप्प्यावर अंगाच्या त्वचेइतकीच, चौतीस-पस्तीस अंशांवर येते. तेवढा वेळ माणूस आणि भिंत सेन्सरला सारखेच. इकडे खरा माणूस निसटतो आणि दुपारी एसीच्या बाहेरच्या युनिटमधून येणारी गरम हवा मात्र खोट्या सूचना देते. विदर्भातल्या घराला हिवाळ्यात बसवलेली सेटिंग उन्हाळ्यात पुन्हा तपासावीच लागते.

हा त्रास घराबाहेरही दिसतो. टांझानियातल्या सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यानात २०१० च्या सुमारास शास्त्रज्ञांनी २२५ कॅमेरे लावले होते. उष्णता आणि हालचालीवर चालणारे. त्यांतून तपासल्या गेलेल्या सुमारे १२ लाख छायाचित्र-संचांपैकी जवळपास तीन चतुर्थांशांत प्राणीच नव्हता, बरेचदा नुसतं वाऱ्यावर डुलणारं गवत. स्वयंसेवकांनी डोळे फोडून केलेलं वर्गीकरणाचं काम पुढे संगणकाला शिकवण्यात आलं, आणि रिकामी चित्रं वेगळी काढण्यात तो तरबेज झाला.

घरच्या कॅमेऱ्यांत आलेलं ‘फक्त माणूस दिसला तर कळवा’ हे बटण याच विद्येचं फळ. २०१२ नंतर चित्रं ओळखण्यात संगणकाने मोठी झेप घेतली. २०१५-१६ मध्ये योलो नावाची पद्धत आली, ती एका नजरेत चित्रातल्या सगळ्या वस्तूंभोवती चौकटी आखून प्रत्येकीवर ‘माणूस’, ‘कुत्रा’, ‘मोटार’ अशी चिठ्ठी लावते. सोबत खात्रीचा आकडा देते. नवा कॅमेरा घ्यायचा असेल तर जास्त मेगापिक्सेलपेक्षा ही सोय पाहावी. खोट्या सूचना घटवण्यात तिच्याइतकं काहीच कामी येत नाही.

तरी तिलाही मर्यादा आहेत, आणि बऱ्याचदा त्या आकाराच्या असतात. १९२० ठिपके रुंदीचा, शंभर अंशांचा कोन पाहणारा नेहमीचा कॅमेरा घेतला तर दहा मीटरवर एका मीटरच्या वाट्याला सुमारे ८० ठिपके येतात. तीस मीटरवर फक्त २७. त्यात अनेक यंत्रं काम झटपट व्हावं म्हणून चित्र आधी तिसऱ्या हिश्शावर आणतात. म्हणजे तीस मीटरवरचा माणूस उरतो जेमतेम चार-पाच ठिपके रुंद. त्या आकारात माणूस, तुळशीवृंदावन आणि टेकून ठेवलेली शिडी यांत फरक कसा करणार? सीसीटीव्हीच्या २०१५ च्या युरोपीय प्रमाणकात तर नुसतं ‘कुणीतरी आहे’ एवढं कळायला मीटरमागे २५ ठिपके, ओळखीचा माणूस ओळखायला १२५ आणि अनोळखी माणसाची ओळख पटायला २५० ठिपके सांगितले होते. अख्खं आवार एका कॅमेऱ्यात कोंबण्याचा मोह इथे नडतो. दाराशी एक आणि फाटकाशी एक, असे दोन साधे कॅमेरे एका भारी कॅमेऱ्यापेक्षा कमी खोटं बोलतात.

इथे थोडं गणित करायला हवं, कारण ‘९९ टक्के अचूक’ या शब्दांवर लोक फार विसंबतात. समजा, कॅमेऱ्यापुढे दिवसाला ४०० हालचाली होतात आणि यंत्र शंभरात एकदाच चुकतं. रोज ४ खोट्या सूचना, वर्षाला १,४६०. चोर दहा वर्षांत एकदा आला आणि यंत्राने त्याला अचूक पकडलं, तरी साडेचौदा हजारांहून अधिक सूचनांमध्ये एक खरी. यंत्र आणखी हुशार केल्याने यात फार फरक पडत नाही. पडतो तो यंत्राला विचारलेला प्रश्न लहान केल्याने. ‘काही हललं का?’ याऐवजी ‘रात्री अकरा ते पाच या वेळात कुंपणाच्या आत माणूस आला का?’ असं विचारलं, तर चारशे हालचालींच्या जागी पाचच उरतील. चूक तेवढीच, शंभरात एक. वर्षाला खोट्या सूचना मात्र अठरा-एकोणीस. हा फरक फोन चालू ठेवणारा मालक आणि बंद करणारा मालक यांच्यातला आहे.

दापोलीजवळचं एखादं घर डोळ्यांसमोर आणावं. चाकरमानी डोंबिवलीला, घराला कुलूप, गणपतीला आणि मे महिन्यात तेवढी जाग. चिऱ्यांचा गडगा, त्यापलीकडून गावाची पाखाडी, अंगणात चार माड. कॅमेरा पडवीच्या वाशाला, पाहतो सगळंच. पाखाडीवरून शाळेची पोरं जातात, गुरं जातात, झावळी हलतात, शेजाऱ्यांचा कुत्रा दिवसातून दहा वेळा अंगण ओलांडतो.

पहिलं काम ॲपमध्ये नाही, शिडीवर आहे. कॅमेरा अडीच-तीन मीटर उंचीवर घेऊन खाली झुकवायचा. चित्राच्या वरच्या भागातून आकाश आणि माडांचे शेंडे गेले पाहिजेत, जमीन भरून राहिली पाहिजे. लेन्ससमोर लोंबणारी झावळ असेल तर ती तोडावी. पाखाडी शक्य तितकी चौकटीबाहेर ठेवावी. शेजाऱ्यांचं अंगण तर बाहेरच ठेवावं, कारण दुसऱ्याच्या दारातली ये-जा टिपत बसण्याचा अधिकार कुणालाच नाही. मग झोन. ॲपमध्ये बोटाने आखायचा हा पट्टा लोक डोक्याच्या उंचीवर काढतात. फ्रिगेटसारख्या काही प्रणाली मात्र माणसाभोवतीच्या चौकटीची खालची कड, म्हणजे पाऊल, कुठे पडलं ते पाहतात. पट्टा जमिनीवर, गडग्याच्या आतल्या बाजूने आखला तर पाखाडीवरच्या माणसाचं डोकं गडग्यावरून दिसलं तरी सूचना येत नाही, आणि त्याने गडगा ओलांडून आत पाऊल टाकलं की येते.

त्यानंतर वस्तू निवडायची, माणूस. गाडी आत येण्याजोगी वाट असेल तर गाडीही. खात्रीचा आकडा मध्यम ठेवायचा. पावसात इरलं घेतलेला किंवा छत्रीआड वाकलेला माणूस यंत्राला अर्धामुर्धाच माणूस वाटू शकतो, आणि तो आकडा फार वर नेला तर तोच निसटेल. बरेच कॅमेरे ‘इतके सेकंद दिसला तर’ अशीही अट घेतात. दोन-तीन सेकंद पुरतात. लेन्ससमोरून जाणारं पाखरू त्याआधीच निघून गेलेलं असतं.

एक भेद आवर्जून करावा. चित्रीकरण आणि सूचना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कुत्रा आला, पाखाडीवरून कुणी गेलं, हे सगळं कार्डावर साठू द्यावं, त्याने कुणाची झोप जात नाही. फोनपर्यंत यायचा अधिकार मात्र मोजक्याच घटनांना द्यावा. हिशेबी रखवालदार मांजर आलं म्हणून मालकाला उठवत नाही, पण सकाळी विचारलं तर मांजर आल्याचं सांगतो.

बदल एकदम करू नयेत. आधी आठवडाभर येणाऱ्या प्रत्येक खोट्या सूचनेचं कारण वहीत लिहावं: पाखरू, सावली, कुत्रा, दिवा, पाऊस. बहुतेक घरांत एक-दोन कारणंच निम्म्याहून अधिक जागा खातात असं दिसेल. त्यांचाच बंदोबस्त करावा. मग उलट तपासणी, जी जवळपास कुणीच करत नाही. घरच्या कुणीतरी रात्री अंधारात फाटकातून, मग गडग्यावरून आत यावं. एकदा ताठ चालत, एकदा वाकून भिंतीच्या कडेने, एकदा छत्री घेऊन. प्रत्येक वेळी डोंबिवलीच्या फोनवर सूचना गेली का, आणि किती सेकंदांनी, ते पाहावं. एकही वेळ चुकली तर झोन किंवा आकडा सैल करायला हवा. खोट्या सूचना शून्यावर आल्या म्हणजे काम फत्ते, असं नाही. शून्य सूचना तर बंद पडलेला कॅमेराही देतो. कोकणात वीज जाणं नेहमीचं आणि वायफाय तिच्यामागोमाग जातं, म्हणून कॅमेऱ्याचा संपर्क तुटला तर वेगळा संदेश येईल अशी सोय चालू आहे ना, तेही याच वेळी पाहून घ्यावं.

हे सगळं वर्षातून तीन-चारदा पुन्हा करावं लागतं. जूनमध्ये पाऊस सुरू होण्याआधी काच आणि कोळिष्टकं. श्रावणापर्यंत अंगणातलं गवत कमरेइतकं होतं आणि झोनमध्ये डुलू लागतं, ते कापून घ्यावं. गणपतीत घर माणसांनी भरतं, तेवढे दिवस सूचनांचं वेळापत्रक बदलावं आणि मुंबईला परतताना ते पूर्ववत करायला विसरू नये. दिवाळीत पडवीला टांगलेला आकाशकंदील वाऱ्याने फिरतो आणि त्याच्या झिरमिळ्यांच्या सावल्या अंगणभर नाचतात. तो कॅमेऱ्याच्या समोर न टांगता मागच्या वाशाला टांगला, की निम्म्या सूचना तिथेच थांबतात.